नानांना ॲडिसन निघालाय. गोळ्या जन्मभर आणि इंजेक्शन घरात ठेवायचं. कोणी सांभाळतंय का हे?

पिंपळगावची लेक

नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरात राहते, माहेर पिंपळगाव बसवंतजवळ. वडिलांबद्दल, म्हणजे नानांबद्दल विचारायचंय. त्यांना ॲडिसन, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी होण्याचा आजार निघालाय. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

नाना ६१ वर्षांचे. तीन एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. अंगानं काटक, दवाखान्याची पायरी कधी चढले नाहीत. मागच्या ऑक्टोबर छाटणीपासून त्यांचं बिनसलं. टोळीच्या आधी बागेत पोचणारा माणूस दहा वाजले की बांधावर बसायला लागला. डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवायच्या वेळी तर दोन ओळी झाल्या की घरी येऊन झोपायचे. जेवण तुटलं. वजन ७१ किलो होतं, ते जानेवारीत ५८ वर आलं. खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, भिंत धरून उभे राहायचे. आणि खाण्यात एकच हव्यास, मिठाचा. आई सांगते, लोणच्याचा खार वाटीत घेऊन प्यायचे, भाकरीवर मीठ भुरभुरून घ्यायचे.

रंगही काळवंडला होता. बागेतला माणूस, उन्हानं रापणारच, असं आम्ही सगळे म्हणत राहिलो. पण आमच्याकडे डिसेंबरात दव गोठतं अशी थंडी, त्या थंडीतही रंग उतरला नाही, उलट वाढला. हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गावातल्या दवाखान्यात बीपी ९०/६०. अशक्तपणा म्हणून सलाईन लावायचे, की तीन-चार दिवस बरे असायचे. पुन्हा तेच. मग दुसऱ्या एका ठिकाणी पित्त म्हणून दुर्बिणीची तपासणी झाली, ती चांगली आली. नंतर थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) थोडा वाढलेला निघाला, म्हणून थायरॉइडची गोळी सुरू झाली. आता बरं वाटेल म्हणून आम्ही वाट पाहत होतो, तर दहाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि नाना मोरीत कोसळले. माल काढणीला आलेला, व्यापारी दारात, आणि आम्ही गाडीत नानांना आडवं घालून नाशिकला आणलं.

तिथे रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी नानांना तोंड उघडायला सांगितलं. हिरड्यांवर निळसर काळे डाग. मग तळहात उलटा करून पाहिला, रेषा काळ्या पडलेल्या. मनगटावर विळ्याचा जुना व्रण आहे, तोही काळा झालेला. त्यांनी विचारलं, "मीठ जास्त खातात का?" आई रडायलाच लागली. सोडियम ११६ आणि साखर ५८, दोन्ही फार कमी, पोटॅशियम ६.१, म्हणजे जास्त. त्यांनी रक्त काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं, सलाईन जोरात सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नानांनी भाकरी मागितली. चार महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून.

कॉर्टिसॉल, म्हणजे या ग्रंथींचं संप्रेरक, फक्त १.४ आलं. ग्रंथींना कामाला लावणारं एसीटीएच मशीनच्या मोजमापाच्या वर. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूच्या अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या दिसल्या, टीबीचा संशय आहे. सुईनं तुकडा काढलाय, रिपोर्ट यायचाय. थायरॉइडची गोळी सध्या बंद केलीय. घरी सोडताना हायड्रोकॉर्टिसोन सकाळी १०, दुपारी ५, संध्याकाळी ५ मिलिग्रॅम आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन १०० मायक्रोग्रॅमची एक गोळी दिलीय.

आता अडचण अशी की चुलते आणि शेजारी रोज येऊन सांगतात, स्टिरॉइड आहे, हाडं ठिसूळ होतील, साखर होईल, बरं वाटतंय तर बंद करा. एकानं जेष्ठमधाचा काढाही आणून दिलाय. नाना स्वतः म्हणतात, "आता ठीक आहे मी, हळूहळू सोडू." डॉक्टरांनी घरी इंजेक्शन ठेवायला सांगितलंय, पण आईला सुई बघूनच घाम फुटतो. मी ३० किलोमीटरवर. हे घरात कसं सांभाळायचं? पुढच्या महिन्यात ऊन सुरू होईल, नाना बागेत जाणारच. ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी कृपा करून लिहा.

---

मीठभाकर, नाशिक रोड

ताई, तुमची पोस्ट वाचताना माझ्याच फायलीची पानं उलटत असल्यासारखं झालं. मला ॲडिसन होऊन १३ वर्षं झाली. वय ४९, शाळेत शिकवते, दोन मुलं. माझा टीबीचा नाही, शरीराच्या प्रतिकारशक्तीनंच ग्रंथी खाऊन टाकल्या असा आहे. सलाईन लावलं की बरं वाटायचं हेही माझं अगदी तसंच. त्या बाटलीत मीठच असतं ना! शरीर जे मीठ लघवीवाटे टाकून देत होतं ते तेवढ्यापुरतं भरून निघायचं.

सगळ्यात आधी ते "सोडू" थांबवा. आज, आत्ता. नानांना सोप्या शब्दांत सांगा: मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या दोन ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या. त्या कॉर्टिसॉल बनवतात, त्यावर बीपी टिकतं, उपाशी असताना साखर टिकते, ताप आला तर शरीर उभं राहतं. दुसरं अल्डोस्टेरॉन, ते मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. नानांच्या ग्रंथींतून ही दोन्ही येईनाशी झालीत. हायड्रोकॉर्टिसोन पहिल्याच्या जागी, फ्लुड्रोकॉर्टिसोन दुसऱ्याच्या जागी; गोळी म्हणजे त्या जागी भरलेली रोजची रसद. बागेचं ठिबक बंद पडलं तर आपण टँकरनं पाणी घालतो, बाग हिरवी दिसली म्हणून टँकर बंद करत नाही.

स्टिरॉइडनं हाडं जातात, साखर होते, हे खोटं नाही. पण ते शरीराला लागतं त्याहून कितीतरी जास्त स्टिरॉइड महिनोन् महिने घेतलं तर. आपल्याला दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन लागतं, निरोगी माणसाचं शरीर जवळपास तेवढंच बनवतं. नानांचे २० त्यातच बसतात. माझी साखर आणि हाडांची तपासणी १३ वर्षांत नॉर्मल आहे. चुलत्यांना माझा अनुभव खुशाल वाचून दाखवा.

जेष्ठमधाचा काढा मात्र बाजूला ठेवा. जेष्ठमध मूत्रपिंडात कॉर्टिसॉल मोडू देत नाही, त्यानं मीठ-पाणी साचतं, बीपी चढतं, पोटॅशियम घसरतं. मग डॉक्टरांना डोस कमी पडतोय की जास्त होतोय हे कळेनासं होतं. देणाऱ्यानं मायेनं दिलाय, तेव्हा गोड बोलून परत करा.

रंगाबद्दल स्वतःला दोष देऊ नका. माझ्या सासूबाई मला हळद-दुधाची साय लावायच्या. ग्रंथी काम करत नाहीत म्हणून मेंदूखालची पीयूषिका एसीटीएचचा मारा करत राहते, आणि ज्या मोठ्या प्रथिनातून एसीटीएच तुटून निघतं त्यातूनच कातडीला काळं करणारं संप्रेरकही निघतं. लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली हा आजार पहिल्यांदा लिहिला तोही या रंगावरूनच, आणि त्या काळात टीबी हेच मोठं कारण होतं. तेव्हा औषध नव्हतं, माणसं जायची. १९४० च्या दशकाच्या शेवटी कॉर्टिसोन आलं आणि चित्र पालटलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना हाच आजार होता. माझ्या मुलानं मला हे पहिल्यांदा सांगितलं त्या रात्री मी निवांत झोपले. नानांचा रंगही काही महिन्यांत उतरेल, माझ्या हिरड्या साफ व्हायला वर्ष लागलं.

माझी रीत सांगते. सकाळची गोळी उशाशी, पाण्याच्या तांब्याशेजारी. साडेपाचला डोळा उघडला की आधी ती, मग अर्ध्या तासानं उठणं. शरीरातलं कॉर्टिसॉल पहाटेच चढतं, म्हणून सकाळचा डोस मोठा. शेवटची गोळी साडेपाच-सहाच्या पुढे नेत नाही, नाहीतर झोप लागत नाही. फ्लुड्रोकॉर्टिसोन प्रत्येक मेडिकलमध्ये नसतं, मी नाशिकमधल्या कॅनडा कॉर्नरच्या मेडिकलला आधी फोन करून मागवते आणि घरात नेहमी दोन महिन्यांचा साठा ठेवते. प्रवासात अर्ध्या गोळ्या पर्समध्ये, अर्ध्या बॅगेत.

आता आजारपणाचा नियम. हा देवघराशेजारी कागदावर लिहून चिकटवा. ताप १०० च्या वर गेला तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, १०२ च्या वर गेला तर तिप्पट, बरं वाटेपर्यंत, आणि मग पुन्हा नेहमीच्या डोसवर. हे आकडे माझ्या डॉक्टरांनी मला दिलेले, तुमच्याकडून लिहून घ्या. गोळी पोटात टिकत नसेल, म्हणजे उलटी होऊन गोळी पडली आणि दुसरीही पडली, तर वाट बघायची नाही. १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन मांडीत, आणि लगेच दवाखाना. दात काढायचा असेल, कसलंही ऑपरेशन असेल, तरी आधी सांगायचं.

हे मी इतकं पोटतिडकीनं का लिहिते? आजार कळल्याच्या तिसऱ्या वर्षी दिवाळीत मला उलट्या-जुलाब झाले. इंजेक्शन घरात होतं, कपाटात, टोचायला कोणाचा हात धजेना. जवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. मी पडल्या पडल्या सांगत होते, मला हायड्रोकॉर्टिसोन द्या. त्यांनी उलटीचं इंजेक्शन दिलं, म्हणाले बघू सकाळी. जीभ जड झाली, शब्द फुटेना. पहाटे बीपी मिळेना तेव्हा धाकट्या दिरानं जुनी फाइल शोधून आणली, ती वाचून मोठ्या डॉक्टरांना फोन झाला आणि इंजेक्शन मिळालं. दोन तासांत मी उठून बसले. त्यानंतर नवरा, मुलगा आणि शेजारच्या वहिनी, तिघेही इंजेक्शन द्यायला शिकले. संत्र्यावर शिकले.

कार्ड बनवा. माझ्या कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत हे लिहिलंय: "मला ॲडिसनचा आजार आहे. मी रोज स्टिरॉइडवर आहे. मी बेशुद्ध असले किंवा उलट्या होत असतील तर ताबडतोब हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम इंजेक्शन आणि नॉर्मल सलाईन द्या. रिपोर्टसाठी थांबू नका." खाली घरचे दोन नंबर. नानांच्या पैरणीच्या खिशात एक, मोटरसायकलच्या डिकीत एक.

उन्हाचं: घाम म्हणजे मीठ. एप्रिलमध्ये खरड छाटणीला ते बागेत जातीलच, अडवून माणूस खचतो. पण ताकात मीठ, सोबत लोणचं, आणि उठताना चक्कर किंवा पायात गोळे आले तर डॉक्टरांना कळवणं. उन्हाळ्यात माझी फ्लुड्रोकॉर्टिसोन वाढवतात. बीपी आडवं आणि उभं, दोन्ही मोजून वहीत लिहा. निर्जळी उपवास बंद. मी आषाढीला फराळ करते, गोळी आणि मीठ सोडत नाही. सप्तशृंगीला पायऱ्या चढून जाते, त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेली जादा ५ मिलिग्रॅम घेते.

---

सातपूरकर

आमच्या आईचं थोडं वेगळं होतं, पण लिहितो, कारण असे लोक आपल्या भागात खूप असतील.

आईचे गुडघे दुखायचे. एकाकडून पुड्या आणायची, दीड-दोन वर्षं. घेतली की तासाभरात धुणं धुवायची. चेहरा गोल झाला, अंगावर निळे डाग पडायला लागले, तेव्हा आम्ही पुड्या एका दिवसात बंद केल्या. आठवड्यात ती अंथरुणाला खिळली. उलट्या, बीपी कमी, बोलायचीही ताकद नाही. पुड्यांत स्टिरॉइड होतं. बाहेरून इतकं मिळाल्यावर पीयूषिकेनं एसीटीएच पाठवणं थांबवलेलं, आणि ग्रंथी झोपलेल्या. आईचा रंग मात्र काळा झाला नव्हता आणि पोटॅशियम नॉर्मल होतं, कारण मीठ सांभाळणारं संप्रेरक वेगळ्या यंत्रणेवर चालतं. त्यामुळे तिला फ्लुड्रोकॉर्टिसोन लागलं नाही.

सकाळी आठचं कॉर्टिसॉल ६ आलं. ३ च्या खाली असतं तर तिथेच पक्कं झालं असतं, १८ च्या वर असतं तर प्रश्न मिटला असता. मधलं आलं म्हणून एसीटीएचचं इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त घेतलं, तरी ते १८ पर्यंत चढलं नाही. मग हायड्रोकॉर्टिसोन, दर काही आठवड्यांनी थोडं कमी, पुन्हा तपासणी. १४ महिन्यांनी तिच्या ग्रंथी जाग्या झाल्या आणि गोळी सुटली.

ताई, नानांच्या बाबतीत गोळी सुटेल असं मी म्हणत नाही. त्यांच्या ग्रंथीच बिघडल्यात. पण "अमक्याची सुटली, तुमचीही सुटेल" म्हणून कोणी आमच्या आईसारखं उदाहरण दिलं, तर तो आजारच निराळा, एवढं ध्यानात ठेवा.

---

निवृत्त सिस्टर, पंचवटी

मीठभाकर ताईंनी बहुतेक सगळं लिहिलंय. एक मोठी गोष्ट राहिली, ती तुमच्यासाठी फार महत्त्वाची आहे. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये टीबी निघाला तर रिफाम्पिसिन सुरू होईल. हे औषध यकृताला कामाला लावतं आणि शरीरातलं हायड्रोकॉर्टिसोन भराभर मोडून टाकतं. म्हणजे आज पुरणारे २० मिलिग्रॅम तेव्हा पुरणार नाहीत. टीबीची औषधं एकीकडून आणि स्टिरॉइड दुसरीकडून चालू असेल तर कधी कधी या कानाचं त्या कानाला कळत नाही. टीबीची पहिली गोळी घेण्याआधी हार्मोनच्या डॉक्टरांना फोन करून डोस वाढवून घ्या. टीबीचा कोर्स संपला की डोस पुन्हा ठरवावा लागेल, तेही लिहून ठेवा.

थायरॉइडच्या गोळीनंतर नाना का कोसळले हेही कळून घ्या, म्हणजे पुन्हा कोणी तसं करणार नाही. थायरॉइड वाढवलं की शरीराची कॉर्टिसॉलची गरज वाढते, आणि ते तर होतंच किती! कॉर्टिसॉल नसताना टीएसएच थोडा वाढलेला दिसू शकतो, गोळ्या नीट बसल्यावर तो आपोआप उतरतोही. काही महिन्यांनी पुन्हा तपासतील.

इंजेक्शनची चिठ्ठी घेताना "हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेट १०० मिलिग्रॅम" असं पूर्ण नाव लिहून घ्या. बाटलीत पांढरी पूड असते. २ मिली निर्जंतुक पाणी घालायचं, हातात फिरवायचं, पूर्ण विरघळलं की भरायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध सरळ टोचायचं. सुई थोडी इकडेतिकडे झाली तरी चालेल. हा डोस चुकून गरज नसताना दिला गेला तरी धोका नाही, गरज असताना राहिला तर जीव जातो. आईला एवढं एक वाक्य सांगा, तिचा हात थरथरणार नाही. दिल्यानंतर १०८ ला फोन करा, कारण ते इंजेक्शन काही तासच पुरतं.

पूड, पाणी, दोन सिरिंज, कापूस, सगळं एका डब्यात. डबा घरात थंड जागी, बागेतल्या पत्र्याच्या खोलीत नको. एक्स्पायरीची तारीख झाकणावर मोठ्या अक्षरांत.

---

पिंपळगावची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा दिवसांनी लिहितेय.

रिपोर्ट आला, टीबीच आहे. सिस्टर, तुमच्या सांगण्यावरून मी औषधं सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच फोन केला. डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन वाढवून दिलं आणि दोन आठवड्यांनी सोडियम-पोटॅशियम करून यायला सांगितलंय. टीबीच्या डॉक्टरांनाही मी तो कागद दाखवला.

मीठभाकर ताई, तुमची सगळी पोस्ट मी रविवारी ओट्यावर बसून नानांना आणि चुलत्यांना वाचून दाखवली. टँकरच्या वाक्याला नाना थांबवून म्हणाले, "हे पुन्हा वाच." त्यानंतर सोडायचं नाव काढलं नाही. सकाळची गोळी आता चुलतेच फोन करून आठवण करतात. जेष्ठमध परत दिला.

आईनं संत्र्यावर नाही, दुधी भोपळ्यावर केलं, तीन वेळा. तिसऱ्या वेळी हात स्थिर होता. शेजारचा बारावीतला मुलगाही शिकला, तो रात्री घरी असतो. कार्ड बनवलं, तुमचाच मजकूर घेतला.

नाना काल दोन ओळी फिरून आले. उरलेला माल चुलत्यांनी उभं राहून काढून दिला. वजन ६०.५ झालंय.

एकच शंका राहिली. मेडिकलवाल्यानं सिरिंजसोबत जी सुई दिलीय ती फारच बारीक आणि आखूड वाटते. कोणती मागायची?

---

मीठभाकर, नाशिक रोड

२३ नंबरची, एक इंचाची मागा. बारीक आखूड असते ती इन्सुलिनची, ती स्नायूपर्यंत पोचत नाही. दोन जादा घ्या. आणि आईंना माझा नमस्कार सांगा.